मदरबोर्ड गेला असं सांगितलं, तरी आधी एवढं करून बघा

पुण्यात आमच्या धायरीच्या सोसायटीत वॉचमनकाकांचा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जूनमधल्या एका संध्याकाळी तो पिशवीत लॅपटॉप घेऊन दारात उभा राहिला. "काकू, दुकानात दाखवला. मदरबोर्ड गेलाय म्हणाले, साडेसात हजार होतील. बाबा म्हणतात राहू दे." लॅपटॉप २०१३ चा. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, चार-चार जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने तो वापरलेलाच विकत घेतला होता.

मी एकतीस वर्षं पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत सहायक होते. तिथे एक सवय अंगात मुरली: बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर काय झालं ते तिथल्या तिथे वहीत लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झालं, तर ते कशामुळे सुरू झालं हे कळत नाही, आणि महिन्याभराने तोच बिघाड पुन्हा दारात येतो. "मदरबोर्ड गेला", म्हणजे सगळे भाग ज्याला जोडलेले असतात तो मुख्य बोर्डच गेला, हा निष्कर्ष सगळ्यांत शेवटी काढायचा. त्याच्या आधी तपासायच्या सात-आठ गोष्टींना जवळजवळ खर्चच नाही. मी ज्या क्रमाने तपासते त्याच क्रमाने सांगते.

हत्यारं थोडीच लागतात. फुलीच्या तोंडाचे दोन बारीक स्क्रू ड्रायव्हर, साधं डिजिटल मल्टिमीटर, भिंग, मऊ ब्रश, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि थर्मल पेस्टची छोटी ट्यूब. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. झाकण उचकटायला जुनं प्लास्टिकचं एटीएम कार्ड पुरतं. लोखंडी पट्टीने कडा फुटतात आणि आतली फीत, म्हणजे चपटी वायर, कापली जायची भीती असते. स्क्रूंसाठी मी कालनिर्णयचं उलटलेलं पान घेते. कोऱ्या जागी लॅपटॉपच्या तळाची आकृती काढायची आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागेवर चिकटपट्टीने डकवायचा. हे टाळू नका. स्क्रूंची लांबी सारखी नसते. चार मिलिमीटरच्या जागी आठचा पिळला, तर तो बोर्डात घुसतो आणि चांगल्या बोर्डाचा खरोखरच बिघडलेला बोर्ड होतो.

पहिली तपासणी अडॅप्टरची. त्यावर १९.५ किंवा २० व्होल्ट असं छापलेलं असतं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, पण २० च्या रेंजवर नको, २०० च्या घ्या. साधं मीटर २० च्या रेंजवर १९.९९ पर्यंतच मोजतं. त्याच्या वर गेलं की डाव्या कोपऱ्यात नुसता '१' दिसतो आणि माणसाला वाटतं अडॅप्टर बिघडला. आकडा बरोबर आला की वायर पिनेजवळ आणि अडॅप्टरच्या पेटीजवळ हलवून बघा, कारण वायर तिथेच आतून तुटते. काही लॅपटॉपच्या पिनेत मधोमध बारीक सुई असते. ती अडॅप्टरची ओळख पटवायला असते. ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉप चालू होतो, पण बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालवला जातो. माणूस मग उगाच विंडोज पुन्हा टाकत बसतो.

अडॅप्टर ठीक असेल तर तो काढा, बॅटरीही काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. आत साठून राहिलेला विद्युतभार निघून जातो. मग बॅटरीशिवाय, नुसत्या अडॅप्टरवर सुरू करून बघा. निपचित पडलेले कित्येक लॅपटॉप एवढ्यानेच उठलेले मी पाहिलेत.

आता सुरू होतो की नाही, हे स्क्रीनवरून ठरवू नका. कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे म्हणजे यंत्र जिवंत आहे, नुसतं दिसत नाहीये. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च तिरका धरून स्क्रीनकडे बघा. पुसट चित्र दिसलं तर मागचा उजेड गेलाय, बाकी सगळं शाबूत आहे. शेजाऱ्यांचा टीव्ही किंवा मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडून बघा. बाहेर स्वच्छ चित्र आलं तर दोष स्क्रीनचा किंवा बिजागरीतून जाणाऱ्या फितीचा. झाकण पुढे-मागे करताना चित्र लुकलुकलं तर बहुतेक वेळा फीतच असते, आणि ती पूर्ण स्क्रीनपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

या मुलाच्या लॅपटॉपचं असं होत होतं: बटण दाबलं की दिवा लागायचा, पंखा दोन सेकंद फिरायचा, बंद. पुन्हा आपोआप दिवा, दोन सेकंद पंखा, बंद. अडॅप्टर २०.१ व्होल्ट देत होता. कॅप्स लॉकचा प्रतिसाद नाही, बाहेरच्या मॉनिटरवरही काही नाही. अशा वेळी माझा पहिला संशय रॅमवर असतो. सुरू होताना यंत्र आधी रॅम शोधतं, ती सापडली नाही की पुढे जात नाही.

रॅमला हात लावण्याआधी अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढलेल्या हव्यात. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी असते, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. त्या दिवसांत आधी धातूच्या नळाला हात लावून या. मग दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ढकलल्या की रॅम तिरकी वर येते. आमच्या वहीत त्या संध्याकाळी चार ओळी लिहिल्या गेल्या. पहिली रॅम, वरची खाच: सुरू. दुसरी रॅम, वरची खाच: सुरू. पहिली रॅम, खालची खाच: बंद. दुसरी रॅम, खालची खाच: बंद. तिसरी ओळ लिहितानाच तो मुलगा म्हणाला, "काकू, म्हणजे रॅम नाही, खाच!" बरोबर. दोन्ही रॅम चांगल्या होत्या आणि बोर्डही चांगला होता.

खालच्या खाचेत टॉर्च मारून भिंगातून बघितलं. सोनेरी दातांच्या रांगेत उजवीकडचे तीन दात हिरवट-तपकिरी झाले होते आणि त्यांच्यावर कापडाचा बारीक तंतू अडकला होता. आदल्या पावसाळ्यात लॅपटॉपची पिशवी दुचाकीवर भिजली होती, ते त्याला तेव्हा आठवलं. अल्कोहोलमध्ये बुडवून झटकलेला ब्रश दातांच्या दिशेने, आडवा न घासता, हलक्या हाताने फिरवला. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने एकदाच हळू पुसल्या, त्याचा भुगा उडवला आणि अल्कोहोलने साफ केल्या. पंधरा मिनिटं वाळू दिलं. दोन्ही रॅम लावल्या आणि लॅपटॉप सुरू झाला. खर्च शून्य.

पण सुरू झाला म्हणजे बरा झाला असं मी धरत नाही. मेमटेस्ट ८६ प्लस हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून त्यावरून लॅपटॉप सुरू करायचा आणि रात्रभर चालू ठेवायचा. सकाळी एकही चूक दिसता कामा नये. एक जरी लाल ओळ आली, तरी पुन्हा एकेक रॅम, एकेक खाच. नवी रॅम घ्यायची झालीच तर जुनीवरचं लेबल वाचून घ्या. डीडीआर-थ्रीला २०४ पिना, डीडीआर-फोरला २६०, एकमेकींच्या जागी बसत नाहीत. डीडीआर-थ्रीमध्येही दोन प्रकार आहेत. साधी १.५ व्होल्टची, आणि जिच्या नावात शेवटी 'एल' असतो ती १.३५ व्होल्टची. एलवाली सहसा दोन्हीकडे चालते, पण फक्त १.३५ व्होल्ट देणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी चालत नाही.

सुरू झाल्यावर घड्याळात दिसली १ जानेवारी २०१२. हा बिघाड लहान, पण त्रास मोठा. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत आणि मुलांना वाटतं इंटरनेट बंद आहे. बोर्डावर नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी असते. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी, त्यावरूनच हे नाव. ती नवी असताना ३ व्होल्ट देते, आमची २.१ वर आली होती. लॅपटॉपमध्ये ती बहुधा काळ्या आवरणात, दोन वायरी आणि छोट्या प्लगसह येते. तशीच तयार मागा. सुट्या बॅटरीवर स्वतः सोल्डरिंग करू नका, तापून ती फुटू शकते.

आता मंदपणा. विंडोज उघडायला साडेचार मिनिटं लागत होती. इथे मी एक नियम मोडत नाही: डिस्कची कुठलीही दुरुस्ती करण्याआधी फाइल्स बाहेर काढायच्या. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर लगेच बंद करा. प्रत्येक वेळी सुरू करताना आतलं नुकसान वाढतं. त्यात घरातल्या गेलेल्या माणसाचे फोटो असतील, तर ते काम डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडेच द्या, स्वतः प्रयोग नकोत. आवाज नसेल तर क्रिस्टल डिस्क इन्फो हा प्रोग्रॅम डिस्कची प्रकृती दाखवतो. त्यातल्या ०५, सी-५ आणि सी-६ या तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्याने बदललेल्या जागा. सी-५ म्हणजे नीट वाचता येत नाहीत म्हणून निर्णय रखडलेल्या जागा. सी-६ म्हणजे वाचताच न आलेल्या. तिन्ही शून्य हव्यात. एक लक्षात ठेवा, हा प्रोग्रॅम आकडे दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजून दाखवतो. आमच्या सी-५ च्या शेवटी ३० दिसत होतं, म्हणजे तीन वेळा सोळा, खरे ४८. सी-७ वाढलेलं असेल तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी तिची केबल काढून पुन्हा नीट बसवा.

४८ रखडलेल्या जागांच्या डिस्कवर भरवसा ठेवायचा नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी प्रणाली) सुरू केलं आणि डीडी-रेस्क्यू या कमांडने पूर्ण डिस्कची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. हा प्रोग्रॅम आधी चांगला भाग पटापट उचलतो, अडणाऱ्या जागा मागे ठेवतो आणि नंतर त्यांच्याकडे वळतो. नकाशाची फाइल द्यायला विसरू नका. मध्येच वीज गेली तर तो जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू करता येतं. मूळ डिस्क आणि प्रत घ्यायची डिस्क यांची नावं मात्र तीनदा वाचा. उलटी दिलीत तर रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर पडेल.

त्या जागी २.५ इंची साटा एसएसडी, म्हणजे चिपांवर साठवणारी डिस्क, घातली, २४० जीबीची. जुन्या लॅपटॉपवर पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले इथे करा, हे माझं ठाम मत आहे. कारण सोपं आहे. फिरती डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला ९०, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती जागा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, शिवाय सुईला तिथे सरकायला वेळ लागतो. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल्स वाचते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिला त्याच कामाला मिलिसेकंदाचा दहावा भाग लागतो. घेताना जाडी विचारा. बहुतेक एसएसडी ७ मिलिमीटरच्या असतात आणि जुन्या लॅपटॉपची जागा ९.५ ची असते. खळखळू नये म्हणून सोबत मिळणारी प्लास्टिकची चौकट लावा.

मग उष्णता. धायरीत सगळीकडे बांधकामं चालू आहेत, दुपारी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. लॅपटॉपचा पंखा हीच धूळ दिवसभर ओढतो. एचडब्ल्यू-इन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान बघितलं तर नुसता व्हिडिओ चालू असताना ९६ अंश. अशा प्रोसेसरची कमाल मर्यादा साधारण १०० ते १०५ अंशांची असते. तिथे पोचला की तो आपला वेग कमी करतो, तेवढ्याने भागलं नाही की लॅपटॉप बंद पडतो. तळाचं झाकण काढलं तेव्हा पंख्याची पाती वरून स्वच्छ दिसत होती. बाहेरून ब्लोअर मारणारे इथेच फसतात. पंखा सोडवून उचलल्यावर मागे, हवा बाहेर जाते त्या तांब्याच्या जाळीवर, धुळीची आणि केसांची एक पट्टी होती. राखाडी, बोटाच्या पेराएवढी रुंद, घोंगडीच्या तुकड्यासारखी घट्ट. चिमट्याने धरली तर ती अख्खी सोलून आली. जाळीतून पलीकडचा उजेड दिसायला लागला.

ब्लोअर मारायचाच असेल तर पंखा बोटाने किंवा टूथपिकने अडवून धरा. जोराच्या हवेने तो भरमसाट वेगाने फिरतो आणि त्याचं बेअरिंग खराब होतं. तांब्याचा पाइप काढताना स्क्रूशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले दिसतील. बसवताना त्याच क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा-थोडा आवळत जा. काढताना उलट क्रमाने. पाइप आणि प्रोसेसर यांच्या मधली जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. ती अल्कोहोलने पूर्ण पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मधोमध ठेवा. जास्त घालून फायदा नाही. शेजारच्या चिपांवर रबरासारखे मऊ पॅड असतील ते तसेच राहू द्या, त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही, कारण तिथली फट मोठी असते. बंद करून तोच व्हिडिओ लावला: ६८ अंश.

बॅटरीचं बघताना आधी डोळ्यांनी बघा. टचपॅड वर उचललं गेलंय, त्याचं बटण दाबलं जात नाही, टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगतो, यातलं एकही दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग ताबडतोब थांबवा. ती टोचू नका, दाबू नका, उचकटू नका. उचकटल्याशिवाय निघत नसेल तर तशीच जाणकाराकडे न्या. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. आपल्याकडे स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचरा वेगळा गोळा करते. त्यांना बॅटरी फुगलेली आहे हे आधी सांगून, वेगळी बांधून द्या, म्हणजे ती हाताळणाऱ्या बाईच्या हातात अचानक पेट घ्यायची नाही.

फुगलेली नसेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport असं टाइप करा. अहवाल कुठे तयार झाला तो पत्ता खाली येतो. नवी असतानाची क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता हे दोन आकडे शेजारी ठेवा. आमचे होते ५७,००० आणि २१,०००, म्हणजे सदतीस टक्के. पूर्वी चार तास चालायचा तो आता दीड तासाच्या आतच संपतो, हे त्यावरून कळलं. आम्ही बॅटरी बदलली नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा फाइल सेव्ह करून नीट बंद करायला दीड तास भरपूर झाला. पण पाच मिनिटांत मान टाकणारी बॅटरी मात्र बदलाच, कारण लिहिता-लिहिता वीज गेली की फाइल खराब होते. नवी घेताना पार्ट नंबर जुळवा. १०.८ आणि ११.१ व्होल्ट एकच समजा, पण १०.८ च्या जागी १४.८ ची लावू नका.

कीबोर्डचं थोडक्यात. दोन-चार बटणं गेली असतील तर आधी फीत काढून पुन्हा बसवा. तरी चालत नसतील तर पूर्ण कीबोर्ड बदलता येतो. तोवर यूएसबी कीबोर्ड लावा.

यंत्र धडधाकट झालं, आता आत काय घालायचं? विंडोज १० ला कंपनीकडून नेहमी मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे हा लॅपटॉप बाद. दुसरं कोणी असतं तर मी सरळ लिनक्स मिंट घालून दिलं असतं. त्यात मराठी टायपिंग होतं, लिबर ऑफिस येतं, ब्राउझर ताजा राहतो. पण हा मुलगा कॉमर्सचा. त्याला हिशेबाचं टॅली लागतं आणि टॅली विंडोजवरच चालतं. म्हणून डिस्कचे दोन भाग केले. एकात विंडोज १० आणि टॅलीची शिकायची आवृत्ती, जिच्यात १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात. त्या भागाचं वाय-फाय मी बंद करून ठेवलं. दुसऱ्यात मिंट. बँक, कॉलेजचे फॉर्म, ई-मेल हे सगळं मिंटमधूनच करायचं, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

आता थांबायचं कुठे ते सांगते. रॅमची सगळी पाळीपाळीने तपासणी झाली, अडॅप्टर ठीक, बॅटरी काढलेली, डिस्क काढलेली, वाय-फायचं कार्डही काढलेलं, आणि तरीही काही हालचाल नाही, तेव्हा बोर्डाकडे संशय जातो. मग चिपच्या पातळीवर काम करणारा कारागीर शोधा आणि त्याला तुमची वही दाखवा. चांगला कारागीर ती वही बघून खूश होतो, त्याचा अर्धा तास वाचतो. चिप गरम करून किंवा बोर्ड ओव्हनमध्ये ठेवून बघू नका. तसा जिवंत झालेला बोर्ड काही आठवड्यांत पुन्हा जातो. लॅपटॉपवर चहा सांडला असेल तर तांदळात पुरू नका. बॅटरी काढा, उलटा धरून निथळू द्या आणि साखर वाळायच्या आत उघडून साफ करायला न्या. आणि बोर्डाची दुरुस्ती वापरलेल्या चांगल्या लॅपटॉपच्या निम्म्या किमतीपुढे जात असेल, तर रॅम आणि एसएसडी काढून ठेवा, त्या दुसऱ्या यंत्रात उपयोगी पडतील.

त्या मुलाने शेवटचा स्क्रू कालनिर्णयच्या पानावरून उचलला, तळाला बसवला आणि विंडोज उघडायला किती लागतं ते मोबाइलवर मोजलं. चोवीस सेकंद. त्याने मला ते दोनदा दाखवलं. बंद करायच्या आधी झाकणाच्या आतल्या बाजूला मी कागदी चिकटपट्टी लावली होती. तिच्यावर त्याच्याच अक्षरात लिहून घेतलं: खालची खाच साफ केली, पेस्ट आणि सीआर २०३२ नवी, सी-५ मुळे डिस्क बदलली, जाळी पुन्हा बघायची दिवाळीत.